पौषाचा अर्थ

मी तसा भित्रा माणूस. शाळेत पोरांवर डाफरतो, पण चार मोठी माणसं जमली की माझी मान आपोआप हलायला लागते. शिराळ्याजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. वाईला संस्कृत शिकून आलेला, म्हणून गावात शब्दाला वजन. त्या वजनाची मी काय माती केली, ते सांगतो.

१९६५चा जानेवारी. नाथाजींचा लालासाहेब फौजेतून वीस दिवसांच्या रजेवर आला होता. राजारामआण्णांच्या राहीशी त्याची सुपारी फुटलेली. नाथाजी म्हणाले, "रजेतच लगीन उरकू. पुना रजा कवा मिळंल, कुणी सांगावं?" आण्णा अडून बसले. पौष लागला होता, आणि पौषात आमच्याकडं कुणी लग्न लावत नाही.

आण्णांच्या सोप्यात बैठक बसली. बरीच घासाघीस झाल्यावर नाथाजी माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुमी शिकल्यालं हायसा. पौष खरंच वाईट हाय का वं?"

मला ठाऊक होतं. ज्या महिन्याची पौर्णिमा पुष्य नक्षत्रापाशी येते तो पौष, आणि पुष्य म्हणजे पोसणारं. बाहेर गुऱ्हाळं चालू होती, शिवारात ज्वारी हुरड्याला आली होती. नावात वाईट काहीच नव्हतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण आण्णा शाळा समितीचे अध्यक्ष, आणि माझ्या चहाला रोजचं दूध त्यांच्याच म्हशीचं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "रूढी आहे. मोडू नये."

माजघराच्या दारात राही उभी होती. माझ्याच हाताखाली सातवी पास झालेली पोर. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

लग्न वैशाखावर ढकललं. वैशाखात सरहद्दीवर गडबड सुरू झाली आणि रजाच मिळाली नाही. सप्टेंबरात नाथाजींकडं तार आली. लालासाहेब लढाईत गेला.

चौथ्या दिवशी राहीची आई धोंडुबाई स्वतः दूध घेऊन आल्या. "गुरुजी, देवच बोलला बगा तुमच्या तोंडानं. न्हाईतर पोरीचं कुकू पुसलं असतं." सारं गाव हेच म्हणत होतं. कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दुधाचा चहा मी केलाच नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर राही आली. "गुरुजी, पौष म्हंजी पोसणारा. तुमीच फळ्यावर लिवून दिलं हुतं."

"हो."

"मग त्या दिवशी का बोलला न्हाईसा?"

"भ्यालो, राही."

"आई म्हणती, सुटलीस. काल नाथाजींच्या दारावरनं गेलते. आत बायका रडत हुत्या. मला उंबरा वलांडता आला न्हाई. रडाय बी नातं लागतंय, गुरुजी. मी कोण म्हणून रडू?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"आता दुसरीकडं देत्यात मला. मार्गशीर्षातच उरकायचं म्हणत्यात आण्णा. पौष लागायच्या आत."

ती गेल्यावर पौषाचा खरा अर्थ सांगायला मी आण्णांकडं निघालो. पारापर्यंत गेलो आणि परत फिरलो.