राकान ओळीत उभा राहतो

"पुन्हा! आता मी नगराध्यक्ष," असं म्हणत खौलाने पुदिन्याची काडी वरच्या ओठावर धरली आणि पोट पुढे काढून स्वयंपाकघरात शिरली.

फळीला पाठ लावून तिचा बारा वर्षांचा भाचा राकान उभा होता. त्याने मावशीच्या मिशीकडे पाहिलं, हात पुढे केला, मनात दोन मोजले आणि म्हणाला, "अल्ला तुमची पायपीट मान्य करो." मग हात सोडला.

"शाब्बास!" मिस इन्साफ म्हणाली. "डोळ्यांत बघवत नाही ना? नको बघूस. मिशी बघ. आपल्या सल्त गावात बिनमिशीचा पुरुष शोधूनही सापडायचा नाही."

राकानची आई, उम्म राकान, तीन दिवसांत पहिल्यांदाच हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. नवरा वारल्यापासून दारासमोर दुखवट्याचा तंबू लागला होता. भाऊबंद ओळीने उभे राहून येणाऱ्याचा हात हाती घेत होते, आणि लोक घोटभर कडू कॉफी पिऊन, खजूर तोंडात टाकून जात होते. राकानला मात्र दोन दिवस मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं होतं. हा हुकूम त्याच्या थोरल्या काकाचा, अबू ग़ालिबचा.

"वहिनी, पोरगं किंचाळलं म्हणजे चारचौघांत शोभा," तो म्हणाला होता.

"ज्याच्या बापासाठी गाव लोटलंय त्यालाच कोंडायचं? मग ओळीत कोण उभं राहणार, शेजाऱ्यांची पोरं?"

शेवटी काकाने अट घातली. "दुपारच्या नमाजानंतर आणा. एकदा जरी ओरडला तर उचलून आत टाकीन. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. ना लग्नात, ना मयतीत." म्हणूनच सकाळी सकाळी मिस इन्साफला बोलावणं गेलं होतं.

गावात तिला 'वेड्यांची मास्तरीण' म्हणत. तिने लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली. अम्मानला घेतलेलं सहा आठवड्यांचं शिक्षण आणि एक झेरॉक्स काढलेली वही, एवढंच तिचं भांडवल. बेकरीच्या माडीवर तिच्या केंद्राच्या दोन खोल्या होत्या. तिथे न्हाव्याकडून मागून आणलेल्या आरशासमोर ती राकानसारख्या पोरांना आपली पाळी येईपर्यंत थांबायला आणि सलाम ऐकला की सलाम करायला शिकवी. कुणाला एक सलाम यायला चार महिने लागत. खालून पावाचा वास आला की पोरं आपोआप निवत. राकानचा बाप ट्रक चालवायचा, पायाला भिंगरी लागलेला माणूस. पण मुलगा वर असेपर्यंत जिन्यातून हलायचा नाही. पुढे केंद्राला तीन मजली इमारत मिळाली, रंगीत तक्ते आले, हाताखाली सहाजणी आल्या. तरी निवृत्त झाल्यावर तिला आठवत राहिल्या त्या दोन खोल्याच. किती सुखाचे दिवस होते ते! आणि त्यांतला हा एक दिवस तर तिच्या मनातून कधी गेलाच नाही.

बायकांना तंबूत जाता येत नव्हतं. त्या दुपारी इन्साफ उम्म राकानबरोबर गच्चीत गेली. वरून तंबूची उघडी बाजू दिसत होती आणि ओळीच्या शेवटी, काकाच्या खालच्या जागी, राकानचं डोकं.

पहिला हात आला. दुसरा आला. पाचवा पाहुणा म्हातारा होता. त्याने राकानला छातीशी ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले. मुक्यांचं इन्साफने शिकवलंच नव्हतं! राकान लाकडासारखा ताठ झाला. क्षणभराने त्याचे ओठ हलले आणि म्हातारा मान डोलावत पुढे गेला.

"निभावलं गं बाई," उम्म राकान पुटपुटली.

ऊन उतरेपर्यंत दोन-अडीचशे हात झाले असतील. पोरगं एकदाही ओरडलं नाही. लोक पांगले, ओळ मोडली आणि तंबूवाल्यांची माणसं खुर्च्या गोळा करू लागली.

"चल रे, झालं," काका म्हणाला. "सगळे गेले."

"माणसं आहेत," राकान म्हणाला. हात पुढेच होता.

इन्साफने कपाळावर हात मारला. तंबूत माणसं असेपर्यंत उभं राहायचं, असं तिनेच सांगितलं होतं. हे संपतं कधी, ते शिकवायचं राहून गेलं होतं.

"अरे, ती कामाची माणसं!" काकाने त्याचा दंड धरला. राकानच्या घशातून बारीक आवाज निघू लागला. तो कशाची सुरुवात असतो हे दोघींनाही ठाऊक होतं.

"अबू ग़ालिब, हात सोडा त्याचा!" इन्साफ गच्चीतून ओरडली. मयताच्या घरून बाईमाणसाने भर रस्त्यावर ओरडावं, हे सल्तमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. काकाचा हात आपोआप सुटला.

खुर्च्या उचलणारा इजिप्तहून आलेला एक वयस्कर मजूर हे बघत होता. त्याने खुर्च्या खाली ठेवल्या, तळवा अंगरख्याला नीट पुसला आणि पुढे होऊन राकानचा हात हातात घेतला. "अल्ला तुमचं पुण्य वाढवो."

"अल्ला तुमची पायपीट मान्य करो," राकान म्हणाला. घशातला आवाज थांबला होता.

त्याच्यामागे दुसरा मजूर आला, मग तिसरा. तेही आता ओळीने उभे होते. अबू ग़ालिबने पुतण्याकडे पाहिलं आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. या खेपेस राकानच्या खालच्या जागी. मजुरांनी आधी राकानचा हात धरला आणि नंतर त्याचा.

मग त्यांनी दोर सोडले, कापड उतरवलं, खांब उपटून गाडीत टाकले आणि ते निघून गेले. राकानने डावीउजवीकडे पाहिलं. तंबूच उरला नव्हता.

"काका, संपलं," तो म्हणाला आणि जेवायला आत गेला.

अबू ग़ालिबने मान हलवली. पण भावाच्या दारासमोर, उघड्या रस्त्यावर, तो एकटाच कितीतरी वेळ ओळीत उभा होता.