अर्धमेला कीबोर्ड

“मेलाय का?” स्टोअरकीपरने खिडकीतून विचारलं.

“मेला नाहीये. बटणं चिकटतात,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “एकदा दाबलं की तीनदा उमटतं.”

“म्हणजे जिवंत आहे.” त्याने अर्ज खिडकीतूनच परत सरकवला. “पूर्ण मेला की आणा. जुना मेलेला जमा, मग नवा. अर्धमेला आपल्याकडे चालत नाही, बाई.”

“अहो, हा तिसरा अर्ज आहे माझा!”

“तीन बटणं चिकटत असतील. बाकीची शंभर चालतात ना? मग!”

टायपिस्टबाईंनी अर्जाची चार घड्यांची पुडी करून ती मुठीत अशी आवळली, की अर्जाच्या जागी स्टोअरकीपरची मान असती तर शनिवारच्या अर्ध्या दिवसाला ऑफिस पूर्ण बंद ठेवावं लागलं असतं.

बावीस वर्षं. बावीस वर्षांत त्या ऑफिसातून बाहेर गेलेला प्रत्येक कागद बाईंच्या बोटांखालून गेला होता. बदल्या, बढत्या, निरोपसमारंभाची भाषणं, साहेबांच्या मुलीच्या शाळेचा अर्जसुद्धा. बाईंनी कधी खाली बघून टाइप केलं नव्हतं. नजर कागदावर, बोटं आपली आपली चालायची. टायपिंग चालू असताना समोरच्याशी भांडतासुद्धा यायचं त्यांना, आणि भांडणातला एक शब्द पत्रात जायचा नाही!

पण गेल्या दोन महिन्यांत पत्रं बिघडायला लागली. मध्येच एखादं अक्षर तीनतीनदा. एक पत्र तसंच थेट वरच्या ऑफिसात गेलं आणि साहेबांना बोलणी बसली. साहेबांनी ती जशीच्या तशी खाली ढकलली. शुक्रवारी त्यांनी बाईंच्या टेबलावर एक हाताने लिहिलेला कागद टाकला.

“हा एवढा टाइप करा. अर्जंट आहे.”

बाईंनी वाचला. ‘वयोमानामुळे आपल्या हातांत अचूकता राहिलेली नाही. सोमवारी आपली चाचणी घेण्यात येईल. त्यात दोष आढळल्यास आपली नेमणूक जावक विभागात पाकिटं चिकटवण्याच्या कामावर करण्यात येईल.’

खाली बाईंचंच नाव.

“साहेब, हा माझाच मेमो आहे.”

“हो. मग दुसरं कोण टाइप करणार? टायपिस्ट तुम्हीच ना?”

स्वतःचा मेमो स्वतः टाइप करायचा! आणि त्यातही ‘अचूकता’ या शब्दात अक्षर तिप्पट झालं, तर साहेबांनी त्यावर लाल गोल काढला, सगळ्यांना दाखवला, हसले, आणि म्हणाले, “परत करा.” बाईंनी परत केला. सहीसाठी पुढेही ठेवला. आणि संध्याकाळी बसस्टॉपवर उभं असताना त्यांना जाणवलं, की आपल्या दाढा मघापासून एकमेकींवर घट्ट दाबल्या गेल्यात आणि आता दुखतायत.

म्हणून शनिवारी तो तिसरा अर्ज. आणि तोही परत आल्यावर बाईंनी जे केलं ते बावीस वर्षांत केलं नव्हतं. सरकारी वस्तू, साधी टाचणीसुद्धा, कधी घरी न नेणाऱ्या बाईंनी कीबोर्डची वायर उपसली, तो पिशवीत कोंबला आणि घरी आणला.

रविवारी दुपारी त्या जेवणाच्या टेबलावर चमचा घेऊन बसल्या. चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उचकटायचं, चाळणीत टाकायचं. टक्. टक्. पलीकडे सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. सासूबाई प्राथमिक शाळेतल्या निवृत्त मास्तरीण. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेलं, त्यामुळे घरात सगळे अजून पहिलीतच आहेत असं त्यांचं मत होतं.

“काय घाण गं ही!” त्या म्हणाल्या.

बटणांखाली बिस्किटांचा चुरा होता. आणि तपकिरी, वाळलेला, पाकासारखा चिकट थर. बाईंनी त्याला बोट लावलं. बोट ओढून धरलं त्याने.

“साखर आहे ही, आई.”

“चहा सांडलास की काय?”

“मी सहा वर्षं बिनसाखरेचा चहा पिते!”

आणि मग बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जेवणाच्या सुट्टीत साहेब त्यांच्या खुर्चीवर येऊन बसायचे, कारण पंखा नेमका तिथेच होता. हातात कप, बशीत बिस्किटं. चार चमचे साखर घालून वर “जरा फिकाच आहे” म्हणणारे साहेब!

“त्याने सांडला!” बाई ओरडल्याच. “चहा त्याचा, चूक माझी, मेमो मला, आणि टाइपही मीच करायचा! वय झालं म्हणे! माझं वय काढतोय, दोन बोटांनी टाइप करणारा कोंबडा!”

“कोंबडा म्हणू नये साहेबाला,” सासूबाई म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, “मनात म्हणावं.”

बाईंनी बटणं साबणाच्या पाण्यात धुतली. आतला थर काडीला कापूस गुंडाळून पुसून काढला. फडक्यावर बटणं वाळत घातली, आणि रागाने कपाळ ठणकायला लागलं म्हणून जरा आडव्या झाल्या.

उठून बघतात तर कीबोर्ड तयार. सगळी बटणं जागच्या जागी बसवलेली. जागच्या जागी? पहिल्या ओळीत ए, बी, सी, डी... शेवटच्या ओळीत झेडपर्यंत!

“आई! हे काय केलंत!”

“नीट लावलं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “अगं, आधी कुणी लावलं होतं ते? ए नंतर एस! माझ्या वर्गात असतं तर बाकावर उभं केलं असतं.”

बाईंनी चमचा उचलला. पण पहिलं बटण उचकटताना त्याचा खालचा खुंटा कर्रकन वाजला. प्लास्टिक जुनं. पुन्हा काढायला जावं तर दहाबारा तरी मोडणार, आणि मग कीबोर्ड खरोखरच मरणार. त्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. डावी करंगळी कडेच्या लांब बटणाला टेकवून बोटांची जागा शोधली, आणि आपलं नाव दाबून पाहिलं. मग घराचा पत्ता. मग शुक्रवारचा मेमो, शब्दन् शब्द.

वरच्या टोप्या बदलल्या तरी खालच्या जागा त्याच होत्या; बोटांना काही फरक पडला नव्हता. एक बटण अडकलं नाही.

“राहू द्या, आई,” बाई म्हणाल्या. “छान लावलंत.”

सोमवारी अकरा वाजता वरच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम चाचणीला आल्या. बाईंनी कीबोर्ड जागेवर जोडून ठेवला होता.

“मॅडम, मी साफ केलाय तो,” बाई म्हणाल्या. “आत साखरेचा चहा सांडलेला होता. आणि त्यावरची बटणं—”

“कारणं!” साहेबांनी मध्येच तोडलं. “मॅडम, कीबोर्ड ठणठणीत आहे, दोष हातांचा आहे. थांबा, मीच दाखवतो.”

आणि बाईंची खुर्ची ओढून बसले की!

साहेब खाली मान घालून दोन बोटांनी टोचू लागले. ए, बी, सी सगळं ओळीने समोर. साहेब एकदम खूश. “बघा, कशी पटापट सापडतात अक्षरं! इच्छा लागते कामाची!” चार ओळी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

पडद्यावर जे होतं ते जगातल्या कुठल्याच भाषेत नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “हे काय आहे?” साहेब पडद्याकडे आणि बटणांकडे आळीपाळीने बघायला लागले.

“बाई, तुम्ही बसा,” मॅडम म्हणाल्या.

बाई बसल्या. करंगळी कडेला टेकवली आणि मॅडमकडे बघत बघत, मॅडम वाचून दाखवत होत्या ते अख्खं पान उतरवून काढलं. एक चूक नाही. मग बटणांची आणि चहाची सगळी हकिगत सांगितली. चहाचं ऐकताना साहेब खिडकीबाहेर बघत होते.

“झालं तर मग,” मॅडम म्हणाल्या. “मेमो रद्द समजा.”

“समजत नाही मी, मॅडम. लेखी दिलाय, लेखीच मागे घ्यावा.”

“बरं बरं,” साहेब घाईने म्हणाले. “टाइप करा तुम्ही, सही करतो मी.”

बाई उठल्या. खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“माझा मेमो मी टाइप केला, साहेब. दोनदा. हा तुम्ही करा.”

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खुर्चीकडे बोट दाखवलं. साहेब बसले. बोट बटणांवर तरंगत राहिलं.

“मधली ओळ,” मागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. “डावीकडून दुसरं.”

“पण यावर तर एल लिहिलंय.”

“लिहिलेलं सोडा. मी सांगते ते दाबा.”

साहेबांनी दाबलं. मग वरच्या ओळीतलं पाचवं. मग खालचं. कपाळावर घाम, वर पंखा फिरत होता तरी. एकेक अक्षर उमटत होतं. मागे बाईंनी फाइल छातीशी धरली होती आणि त्यांची बोटं तिच्या पुठ्ठ्यावर हलकी हलकी हलत होती. ती केव्हाच शेवटच्या ओळीला पोचली, पूर्णविराम देऊन थांबली, आणि वाट बघत राहिली.