तुळईचं वय

सालीखालच्या शेवटच्या वर्तुळात तिनं टाचणी टोचली आणि भिंगावरून डोळा उचलला. तिसऱ्यांदा मोजूनही आकडा तोच आला होता. दर दहा वर्तुळांमागे एक, अशी टाचण्यांची रांग लाकडाच्या चकतीवर उभी होती.

प्रयोगशाळेत सगळे तिला वळीबाई म्हणत. लाकडातली वळी, म्हणजे दरवर्षी पडणारी वर्तुळं, मोजून आणि वय ठाऊक असलेल्या लाकडांशी ताडून झाड कधी तोडलं ते सांगायचं, एवढंच तिचं काम. आजवर तिनं होड्यांची, पेटाऱ्यांची, पडक्या पुलांची वयं सांगितली होती. त्यापायी कुणी तिच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. ही चकती मात्र मनोऱ्याच्या दारावरच्या तुळईची होती. मनोरा आमच्या पूर्वजांनी बांधला, असं नदीच्या अलीकडचे म्हणत. छे, त्यानंतर दीडशे वर्षांनी आमच्या पूर्वजांनी, असं पलीकडचे. गेल्या वर्षी त्यावरून दोन दुकानं जळाली आणि एका शिंप्याचा डोळा गेला. शेवटी न्यायालयानं तुळई तपासायला सांगितली. ते पत्र आलं त्या दिवसापासून साहेबांचं पोट बिघडलं होतं आणि ते रजेवर होते. अहवालावर सही तिलाच करायची होती.

चार दिवसांपूर्वी अलीकडच्या समितीचे चिटणीस येऊन गेले होते. मऊ आवाजाचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. पाणी मागून प्याले, टेबलावर डाग पडू नये म्हणून पेल्याखाली कागद ठेवला. तुळईबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. तिसऱ्या मजल्यावर एकटीनं राहायचं म्हणजे अवघडच, त्यातून जिन्यातला दिवाही गेलाय, असं म्हणाले. त्या संध्याकाळी ती आईकडे गेली, तेव्हा जिन्यातला दिवा खरंच गेलेला होता.

नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मोघम लिही आणि मोकळी हो, म्हणाला. तेव्हापासून दारावर थाप पडली की दोघंही आधी एकमेकांकडे बघत.

आणि आता आकडा आला होता तो अलीकडच्यांच्या बाजूचा. तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

दुपारी चिटणीस पुन्हा आले. अहवाल न्यायालयात जाण्याआधी कुणापाशी बोलायचा नसतो, हे तिला पाठ होतं. तरी तोंडातून निघून गेलंच.

“तुमचंच म्हणणं खरं निघालंय. आता माझ्या आईचा विषय काढू नका.”

त्यांचा चेहरा खुलेल असं तिला वाटलं होतं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

“पक्कं?”

“तीनदा मोजलंय. साल शाबूत आहे, म्हणजे शेवटचं वर्तुळही जागेवर आहे, चुकायला जागा नाही.”

ते खुर्ची ओढून बसले.

“ताई, हे असं लिहू नका.”

आपल्या ऐकण्यात काही चूक झाली, असं तिला वाटलं.

“भांडण मिटलं की आमची माणसं घरी जातील,” ते शांतपणे म्हणाले. “अकरा वर्षं खपून समिती उभी केलीय मी. लोक मनोऱ्यासाठी येत नाहीत, तो कुणीतरी हिरावून घेतंय म्हणून येतात. सांगता येत नाही, असं लिहा. पलीकडच्या चिटणिसांचंही हेच म्हणणं आहे. कालच आमचं बोलणं झालं.”

ते उठले, खुर्ची होती तशी टेबलाखाली सरकवून ठेवली.

“आणि आईंना जपा.”

ते गेल्यावर ती कितीतरी वेळ दाराकडे पाठ करून बसू शकली नाही. एखादा तरी आकडा आपल्याला वाचवेल, असं इतके दिवस तिनं धरून ठेवलं होतं. तिनं नवऱ्याला फोन लावला. आईला आत्ताच्या आत्ता आपल्या घरी घेऊन ये, कारण विचारू नकोस, एवढंच सांगितलं. मग अहवाल टाइप करायला घेतला. ‘लाकडाचं वय निश्चित सांगता येत नाही.’ वाक्य नीटस होतं, कुणाला खटकलं नसतं. शिंप्याचा दुसरा डोळा अजून शाबूत आहे, हे नेमकं तेव्हाच तिच्या मनात का आलं कोण जाणे. तिनं वाक्य खोडलं आणि वर्ष लिहिलं. खाली भराभर सही केली आणि वाचूनही न बघता खालच्या मजल्यावर गेली.

आवक-जावकच्या कारकुनानं मजकुराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं थेट शेवटचं पान काढलं, कपाटातला सह्यांच्या नमुन्यांचा कागद शेजारी धरला आणि मान हलवली.

“बाई, सही जुळत नाहीये. हात हललाय तुमचा. न्यायालयाचं काम आहे, परत पाठवतील. पुन्हा करा.”

त्यानं पेन पुढे केलं. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. तिनं वळून पाहिलं नाही. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा सही केली, या वेळी सावकाश, पूर्ण नावानिशी.