टाकीमागची पांढरी दाढी

“बाई, पाइपावर पांढरं दिसलं की लगेच फडकं घेऊन धावू नका. आधी नीट बघा,” असं निवृत्त होणाऱ्या मास्तरांनी शाळेची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ताब्यात देताना तिला बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांना पसारा आवडतो, एवढाच तिने त्याचा अर्थ काढला. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि तिच्या घरात दहा महिन्यांची रांगती मुलगी होती. जिच्या घरात असं पोर असतं तिला काहीही पुसल्याशिवाय चैन पडत नाही; खारट, आंबट, चिकट, सगळं थेट तोंडात जातं.

त्यामुळे रोज सकाळी मुलीला शाळेच्याच पाळणाघरात सोडलं की ती टाकीखालचं कपाट उघडायची आणि आतले पाइप पुसून काढायची. सांध्यांवर जमलेला मिठाचा पांढरा थर ओल्या फडक्याने असा जायचा, की पाइप दुकानातून आत्ताच आणल्यासारखे दिसायचे. पालक कौतुक करायचे.

टाकी होतीही कौतुक करण्यासारखी. शाळेत शिरलं की समोरची अख्खी भिंत म्हणजे काच, आणि काचेपलीकडे मीठ विरघळवून घरीच केलेला समुद्र. त्यात पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि या सगळ्यांचे आजोबा. आजोबा हा हातभर लांब, राखाडी, जाड ओठांचा मासा. उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे तो काचेला नाक लावून असं बघायचा, की मुलं मुख्याध्यापिकांपेक्षा त्याला जास्त वचकून असायची.

मग कपाटाखाली पाणी दिसू लागलं. आधी थेंब, मग ओघळ, मग रोजचं थारोळं. प्लंबरला बोलावलं. कपाटाच्या तळाशी पाइप जिथे वळतो त्या कोपऱ्यावरून पाणी टपकत होतं. त्याने तो सांधा पान्याने आवळला. पुन्हा पाणी आलं, त्याने पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा त्याने वरून भेगा बुजवायची लांबी थापली आणि म्हणाला, “आता या पाइपाच्या बापालाही गळता येणार नाही.”

पाइपाने बापाला विचारलंच नाही. दुसऱ्या सकाळी थारोळं होतं तिथेच होतं.

मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. “लाकडी फळ्या फुगल्या. शेजारी विजेचा बोर्ड आहे. माझा जीव टांगणीला लागलाय, बाई. शनिवारी मासेवाला येईल, मासे घेऊन जाईल. टाकी रिकामी करून टाकू.”

तिने मासेवाल्याला फोन केला. “लहान मासे जातील हो नीट,” तो म्हणाला. “त्या म्हाताऱ्याचं मात्र काही खरं नाही. एवढा मोठा जीव, इतकी वर्षं एकाच पाण्यात राहिलेला. असे मासे पिंपात धसका घेतात.”

फोन ठेवल्यावर ती काचेसमोर उभी राहिली. आजोबा आले, ओठ हलवले, परत गेले. आपल्या हातात सोपवलेलं कुणी शनिवारी पिंपात मरणार, आणि आपण हातावर हात धरून बसणार?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने प्लंबरला पुन्हा गाठलं. “भाऊ, आवळायचं काही नाही. फक्त माझ्याबरोबर बघायचं.”

तिने एकेक पाइप खडखडीत कोरडा केला, आणि पर्समधले पातळ कागदी रुमाल काढून प्रत्येक सांध्याभोवती गुंडाळून रबराने बांधले.

प्लंबर हसून हसून खाली बसला. “बाई, पाइपांना लंगोट?”

“ओलं नेमकं कुठून आलं, हे दिवसातून सतरा वेळा शोधते मी. हसा खुशाल.”

शनिवारी सकाळी दोघं गुडघ्यांवर बसून कपाटात वाकले. बाकीच्या सांध्यांचे सगळे कागद कोरडे. गळणाऱ्या कोपऱ्याचा मात्र चिंब.

“बघा!” प्लंबर म्हणाला. “मी सांगत होतो. हाच चोर.” आणि त्याने पाना उचलला.

“थांबा, थांबा!” तिने त्याचा हात धरला. कोपऱ्याच्या जरा वर, सरळ उभ्या पाइपावर, जिथे सांधाच नव्हता, तिथेही तिने उगाच एक कागद बांधला होता. तोही भिजला होता, आणि वरच्या कडेकडून. “भाऊ, लंगोट वरच्या कडेने भिजला असेल तर त्यात बाळाचा काही दोष नसतो. कुणीतरी वरून पाणी सांडलेलं असतं.”

प्लंबरने पाना खाली ठेवला. दोघांनी एकदमच वर पाहिलं.

पाइप कपाटातून निघून टाकीच्या मागे, काच आणि भिंत यांच्यामधल्या बोळात शिरत होता. बोळ एवढासा, की त्यात प्लंबरचं मनगटही जाईना. तिचा हात गेला. तिने मोबाइलचा दिवा लावून, व्हिडिओ सुरू करून, हात खांद्यापर्यंत आत घातला. गाल भिंतीला चिकटला, बाहीला जळमटं लागली. मग दोघांनी डोक्याला डोकं लावून व्हिडिओ पाहिला.

पंपाचं पाणी जिथे मागच्या काचेतल्या भोकातून टाकीत शिरत होतं तिथे, पार वर, मिठाची घसघशीत पांढरी दाढी लोंबत होती.

“आई गं,” ती पुटपुटली. मीठ रोज त्या दाढीपासून कोपऱ्यापर्यंत पाण्याची वाट आखून दाखवत होतं, आणि ती रोज हात पोचेल तिथवरची वाट स्वच्छ पुसून टाकत होती. उरली होती ती फक्त तिचा हात न पोचलेली जागा.

पण वाईट वाटून घ्यायला तिला सवडच मिळाली नाही, कारण दुसऱ्याच क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “भाऊ! भोक वर आहे. पार वर! मग टाकी कशाला रिकामी करायची? वीतभर पाणी उतरवलं की झालं. मासे जागचे हलायलाही नकोत!”

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मासेवाला निळी पिंपं घेऊन दारात आला, मागोमाग मुख्याध्यापिका.

“अगदी वेळेवर आलात,” ती मासेवाल्याला म्हणाली. “पिंपं हवीच होती.”

“माशांसाठी ना?”

“पाण्यासाठी. आत आणा.”

मुख्याध्यापिकांनी तिचा चेहरा पाहिला, मग मनगटावरचं घड्याळ. “मधल्या सुट्टीपर्यंत वेळ देते,” एवढंच त्या म्हणाल्या.

पंप बंद झाला. वीतभर समुद्र नळीने पिंपांत उतरला. प्लंबर शिडीवर चढून, टाकीत कोपरापर्यंत हात घालून भोकातला जोड आतून धरून उभा राहिला. मागच्या बोळात तिचा हात. दाढी बोटांनी तोडली, जोड आवळून धरणारी चकती फिरवून सोडवली, जोड बाहेर आला.

प्लंबरने तो उजेडात धरला. “हा रबरी वायसर पाण्याच्या बाजूला पाहिजे. इथे बाहेरून घातलाय. आट्यांमधून पाणी येणारच. कुठल्या गाढवाने बसवला हा?” मग त्याने जोड उलटून पाहिला. “अं… पंप बदलला तेव्हा मीच बसवला की.”

“तुम्ही बसवलंत, मी पुसलं,” ती म्हणाली. “फिट्टंफाट. नवा वायसर काढा.”

नवा वायसर आतल्या बाजूने बसला. “आता पान्याने…” प्लंबरने सुरुवात केली.

“पाना बोळात जाणार नाही, आणि गेला तरी काच तडकेल. हातानेच.” तिने चकती बोटांनी फिरवली, अडली तिथे दात-ओठ खाऊन आणखी थोडी.

“आयो! बाई, चावला!” शिडीवरून आरोळी आली. आजोबा प्लंबरच्या पाण्यात टेकलेल्या करंगळीशी आले होते.

“चावत नाहीयेत, विचारपूस करतायत. हात हलवू नका!”

पाणी परत टाकीत आलं. पंप घरघरला. तिने मागच्या सांध्याला कोरा कागद बांधला, कोपऱ्याला दुसरा, आणि कपाटासमोर ठाण मांडलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं धावत आली आणि बाईंचा अवतार बघून गपकन थांबली.

मुख्याध्यापिका वाकल्या. त्यांनी कोपऱ्याचा कागद स्वतःच्या चिमटीत धरला. मग तिने बोळातून मागचा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“कोरडा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग, जणू सगळ्या शाळेला ऐकू जावं म्हणून, “कोरडा ठणठणीत!”

मुलांनी असा गलका केला की पिवळे मासे दगडांत पळाले. प्लंबरने पाना डोक्यावर नाचवला. मासेवाला आपली रिकामी पिंपं गाडीत चढवताना म्हणाला, “तोट्यात गेलो बाई, पण मजा आली.” आणि ती, केसांत मीठ, बाहीवर जळमटं, कोपर खरचटलेलं, अशी हसत उभी राहिली की जणू समुद्र तिनेच आत्ता जागेवर बसवला.

मग तिला आठवलं, मुलीच्या दुधाची वेळ टळून गेली. पाळणाघराच्या दिशेने ती धावत सुटली, आणि वळणावर थबकली. एवढ्या गोंधळात आजोबा खडकामागे गेले ते अजून बाहेर आले नव्हते. मुलं वर्गात गेली, प्लंबर हात धुवायला गेला. वाचता वाचता तुम्ही इथवर आलाच आहात, म्हणून ती तुम्हालाच सांगते: “मी पिल्लाला घेऊन आलेच. तोवर जरा काचेशी उभे राहा ना. काचेवर टकटक नका करू. फक्त बघा, ते बाहेर आले का.”