कातड्यांच्या ठाण्याचे फोटो

आमची मिहिका दोन वर्षं मला बर्फातल्या, केव्हाच मरून गेलेल्या माणसांचे फोटो पाठवतेय. स्वतःचा म्हणाल तर एक नाही!

कॅनडाच्या पार उत्तरेला, नदीकाठच्या एवढ्याशा गावात म्युझियममध्ये नोकरी करते ती. पूर्वी तिथे जनावरांची कातडी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांची ठाणी होती म्हणे. लाकडी घरं, दारात फरचे ढीग आणि ओळीने ताठ उभी माणसं. तेव्हा फोटो काढताना हलायचं नसे. एका फोटोत कुत्रं हललं, तर मेल्याला दोन डोकी आलीत. मी विचारते, "जेवलीस का?" तर ही लिहिते, "आई, सी धिस वन. एटीन नाइन्टी!"

व्हिडिओ कॉल म्हटला की हिला नेटवर्क नसतं. फोटो बरे येतात! पण तक्रार कुठल्या तोंडानं करू? एअरपोर्टवर मीच म्हटलं होतं, "इथली, दुबईतली चांगली नोकरी सोडून चाललीस ना, जा. पुन्हा तोंड दाखवू नकोस." रागात बोलतो आपण. पण पोरगी हट्टी, माझ्यावरच गेलीय.

परवा शनिवारी संध्याकाळी आणखी एक फोटो आला. काचेमागे लावलेला जुना फोटो, तिने मोबाइलने टिपलेला. ठाण्याच्या दारात एक बाई उभी होती. आमचे हे तिकडे लांब रुवैसला तेलाच्या रिफायनरीत असतात, ते सुट्टीला घरी आलेले, सोफ्यावर पेंगत होते. मी नेहमीसारखा फोटो मोठा केला आणि त्या बाईच्या खांद्यापाशी, काचेत, मला मिहिका दिसली. हातात मोबाइल, केस कापलेले, गालफडं बसलेली.

"अहो, उठा! आपली मिहिका!"

यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "वाळलीय गं," म्हणाले आणि पाणी प्यायला किचनमध्ये गेले.

तेवढ्यात तिचा मेसेज. "सॉरी आई, टू मच ग्लेअर. डिलीट करतेय. क्लीन स्कॅन पाठवते."

बघता बघता तो फोटो गेला आणि नवा आला. दार, बर्फ, ती बाई, सगळं कसं स्वच्छ. मिहिका नव्हती.

माझा धीरच सुटला. एरवी चार खरमरीत ओळी लिहिल्या असत्या. या वेळी लिहिलं, "मला ती बाई नको, तू हवीस. त्या काचेत तू दिसत होतीस. एअरपोर्टवर बोलले ते चुकलं माझं. फार आठवण येते गं."

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. 'टायपिंग' दिसायचं, पुन्हा जायचं. यल्ला, चल पोरी, लिही की काहीतरी! हे येऊन माझ्या मागे उभे राहिले.

मग उत्तर आलं.

"आई, कॅमेरा लावू?"

"लाव, लाव!" मी ओरडलेच. तिला कुठून ऐकू जाणार? आणि बोटं तर चालेचनात. शेवटी यांनीच फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि 'लाव' लिहिलं.