त्या दिवशी मी तोंडाबाहेर पडलो नाही

दोष ताईंचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण वडीलधाऱ्यांची चूक म्हटली की सगळे घसा खाकरून विषय बदलतात. दोष ताईंचा, आणि त्यांच्यामागोमाग माझा.

मी म्हणजे एक शब्द. फेरीवाला.

माझा जन्म कुठल्या पंडिताच्या घरी झाला नाही. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार हिंडणाऱ्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी झालो. भाजीवाला, फुगेवाला, भंगारवाला ही माझी भावंडं. त्यांच्याजवळ निदान माल आहे, माझ्याजवळ नुसती पायपीट. विक्रेता नावाचा एक चुलतभाऊही आहे. तो इस्त्रीचे कपडे घालून कागदावर राहतो, रस्त्यावर दिसत नाही.

लहानपणी माझी चैन होती. 'फेरीवाला आला' म्हटलं की खिडक्या उघडायच्या. पुढे मोठ्या माणसांनी मला पोरांना दटावायला वापरलं. अभ्यास कर, नाहीतर फेरीवाला होशील. असं म्हणणारेच संध्याकाळी त्याच्याकडे एक सुई वर मागायचे. शाळेत तर मी टिकलोच नाही. वडील काय करतात असं बाईंनी विचारलं की मुलं मला गिळायची आणि 'धंदा' म्हणायची. इतक्या जणांनी गिळल्यावर मलाही माझी लाज वाटायला लागली.

माझा शेवटचा खरा धनी बटणमामा. आधी दारोदार फिरला, मग बावीस वर्षं चौकात औषधाच्या दुकानाशेजारी त्याची हातगाडी. बटणं, सुया, दोरे, चेन, इलॅस्टिक. कुणी विचारलं तर सरळ सांगायचा, मी फेरीवाला. त्याच्या तोंडी मी ताठ असायचो.

त्या वर्षी नगरपालिकेने यादी करायला घेतली. यादीत नाव असेल त्याची जागा पक्की, नसेल त्याची गाडी उचलणार. एवढं सोपं होतं. नेमकी मामाच्या चौकाची पाळी आली त्या दिवशी त्याच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. मामा म्हणत होता, मी दुपारपर्यंत चौकात थांबतो. त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, मोडता घातला. व्याह्यांनी तुला गाडीवर पाहिलं तर पोर जन्मभर घरात बसेल, म्हणाल्या. आईमागे त्यांनीच त्याला वाढवलं होतं, आणि त्या ते कुणाला विसरू देत नसत.

ताईंनी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की भावाचं दुकान आहे. मग गाडी लपवायची कुठे? घर दोन खोल्यांचं. शेवटी ती ओट्यावर आणली, चाकांना विटा लावल्या, वरून चादरी जमिनीपर्यंत सोडल्या आणि कपबश्या मांडल्या. झालं टेबल.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील. चहा ओतला जात होता तेवढ्यात फाटकाशी पालिकेची बाई, हातात यादी. चौकातल्या फळवाल्याने बिचाऱ्याने चांगुलपणाने तिला घर दाखवलं होतं.

"सुया-बटणं विकणारे फेरीवाले इथेच राहतात ना?"

"असली माणसं इथे राहत नाहीत," ताई म्हणाल्या. "माझ्या भावाचं दुकान आहे."

बाई चांगली होती. तिने मामाकडेच पाहिलं. आज शेवटचा दिवस आहे, नीट सांगा, म्हणाली. "काका, तुम्ही फेरीवाले आहात का?"

मी जिभेच्या टोकावर होतो. मामाने ताईंकडे पाहिलं. मनात आणलं असतं तर मी सटकलो असतो. नको तेव्हा आम्ही शब्द किती सहज सुटतो. पण समोर कोरे कपडे, बशीत बिस्किटं, दारात नटून उभी पोर. मला माझ्याच घामाचा वास आला. मी मागे सरलो.

"नाही," मामा म्हणाला. "दुकान आहे माझं."

बाईने तसं लिहिलं, सही घेतली आणि गेली.

मुलाचे वडील ऐसपैस टेबलावर रेलले आणि टेबल चालायला लागलं. वीट सरकली होती. कपबश्या खणखणल्या, ताई पांढऱ्याफटक. मुलाच्या आईने एक पाय चादरीखाली घालून चाक अडवलं आणि चहा पीत राहिली. मग म्हणाली, "दादा, गाडी इथेच आहे तर मला चार मीटर इलॅस्टिक द्या. मागच्या वेळचंच."

दहा वर्षं ती त्याच्याकडूनच घेत होती; मामा मापाकडे बघायचा, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही. हा माणूस इलॅस्टिक मोजताना कधी ताणत नाही, असं तिने घरी सांगितलं होतं, म्हणूनच ती माणसं आली होती. दुकानाची गोष्ट त्यांनी नुसती ऐकून घेतली होती.

ताई एवढंच म्हणाल्या, मला काय माहीत.

मामा अनवाणी फाटकाबाहेर धावला. बाई निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या साहेबाने त्याला त्याचीच सही दाखवली. दुकानदाराला रस्त्यावर जागा मिळत नाही, म्हणाला. भरल्या कचेरीत मामा म्हणत राहिला, मी फेरीवाला आहे हो, फेरीवालाच आहे. इतक्या मोठ्याने मला कुणी कधी उच्चारलं नव्हतं, आणि मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

लग्न झालं. पोर सुखात आहे. ते आपणच जुळवलं असं ताई अजून सांगत हिंडतात. मला कुणी विचारत नाही. मी आता पाट्यांवर असतो, 'प्रवेश नाही'च्या वर. तुमच्या घरात कुणी माझ्यावर पोट भरत असेल, तर मला गिळू नका एवढंच मागणं आहे.

मामाची जागा पुढच्या महिन्यात दुसऱ्याला दिली. गाडी पालिकेने उचलली. तो आता एका गोदामात खोकी वाहतो.