पेंढ्याचा बांध

घोडी भिंतीला अडकली यात माझी काही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मालकीणबाई अजून माझ्याच नावाने खडे फोडतात.

घोडं लोळतं. लोळता लोळता भिंतीशी गेलं की पाय भिंतीला आणि पाठ जमिनीला, असं अडकून पडतं. उठता येत नाही. फार वेळ तसंच राहिलं तर खेळ खलास. तबेल्यात तेव्हा एकच घोडी उरली होती. मी तिला बाईसाहेब म्हणतो, वय बावीस, नखरे विचारू नका. ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला अशीच अडकली. मी, दूधवाला आणि त्याचे दोन भाऊ, चौघांनी दोर लावून ओढून काढली. आठ दिवस माझी कंबर धरली होती.

मग मी बांध घातला. तिच्या खणात तिन्ही भिंतींच्या कडेने, गुडघ्याच्या वर येईल एवढा, पेंढा दाताळ्याने ठोकून ठोकून घट्ट केलेला. म्हणजे लोळली तरी भिंतीपर्यंत पोचायची नाही. हे काम करावं तर मीच! रोज सकाळी बघायचो, बांध जसाच्या तसा, मधली पेंढ्याची गादीसुद्धा विस्कटलेली नाही. दोन महिने घोडी एकदाही अडकली नाही. ही बढाई ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून तिलाच ऐकवायचो. बायको गेल्याला तीन वर्षं झाली. मुलगा रविवारी फोन करतो, "बाबा, जेवलात ना?" विचारतो आणि ठेवून देतो. बाकी आठवडाभर माझी बडबड सोसणारी ही एकटीच.

पण तिच्या पुढच्या गुडघ्यांना जखमा व्हायला लागल्या. मलम झालं, पट्ट्या झाल्या, फरक शून्य.

"काका, हे काही खरं नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत बरी झाली नाही तर तिला माझ्या बहिणीकडे पाठवते. तिथे अकरा घोडे आहेत, माणसं आहेत."

"मग मी कोण, खांब?" मी फणकारलो. पण मनात आलं, ती गेली तर मी बोलायचं कोणाशी?

जनावरांची डॉक्टर बोलावली. पोरगी माझ्या सुनेच्या वयाची, पण हात सराईत. तिने गुडघे बघितले, मग खण बघितला.

"काका, सकाळी गादी कशी असते?"

"घातली तशी!" मी छाती फुगवून म्हणालो. "एक काडी हललेली नसते."

"मग ही झोपते कुठे?"

"उभ्याने. घोडे उभ्यानेच झोपतात, कोणालाही विचारा."

"उभ्याने डुलक्या घेतात. गाढ झोपेसाठी आडवंच व्हावं लागतं. ही आडवीच होत नाहीये. झोप अनावर झाली की पुढच्या पायांवर कोसळते. गुडघे त्यानेच फुटलेत."

माझं तोंड एवढंसं झालं. दोन महिने मी ज्याची शेखी मिरवत होतो, ती बिचारीची जागरणं होती. अरे गाढवा, मी स्वतःलाच म्हटलं.

"बांध काढू?"

"बांध छान आहे, राहू द्या. हिच्या शेजारी कोणी असायचं का?"

असायचा. जाड्या. पलीकडच्या खणातला घोडा. ती अडकली त्याच आठवड्यात विकला होता.

"एक घोडा जागा असला की दुसरा निर्धास्त झोपतो," डॉक्टर म्हणाली. "हिच्यासाठी जागं राहायला कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण आटोपून मी तिच्या खणात जाऊन उभा राहिलो. तिने मला हुंगलं, खिसे तपासले. अर्धा तास गेला, माझे पाय भरून आले, तोंडाने शिव्या चालूच. मग तिने गोल फेरी मारली, पाय दुमडले आणि धपकन बसली. जराशाने मान टाकली. घोरायला लागली हो! मला रडूच आलं.

मग रोज दुपारी तेच. जखमांवर खपली धरली. महिनाअखेरीला मालकीणबाई आल्या आणि खूश झाल्या. "वा काका! काय केलंत?"

मलम बदललं, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. घोडी राहिली असती. पण दुपारच्या एका झोपेवर जनावर किती दिवस काढणार? आणि मी एखाद्या दिवशी तापाने पडलो तर? मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला. "म्हणजे तिला सोबत हवी. दुसरा घोडा मला जमायचा नाही, काका."

"माहीत आहे."

"मग?"

"पाठवा," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी गाडी आली. ड्रायव्हर दोर घेऊन थेट खणाच्या दारात आला आणि हाक मारणार, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं. बाईसाहेब माझ्या पायाशी पसरून घोरत होत्या.

"किती वेळ लागेल?" त्याने हळूच विचारलं.

"तिची झोप होऊ दे," मी म्हटलं. "मला आज कसलीच घाई नाही."